विद्यापीठातील विद्यार्थ्यांना मिळून समस्या सोडवायला कसे शिकवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील महाविद्यालयांत शिकवणारे मराठी भाषक प्राध्यापक, तिथे शिकणारी मुले आणि त्यांचे पालक यांच्याकडून गटकार्याविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

गटात काम करणे आणि मिळून समस्या सोडवणे यांत फरक तो काय?

आपल्याकडे चारपाच जणांना एक प्रोजेक्ट दिला की पहिल्या बैठकीतच वाटणी होते. एकाने प्रस्तावना लिहायची, दुसऱ्याने आकडे गोळा करायचे, तिसऱ्याने स्लाइड करायच्या आणि सबमिशनच्या आदल्या रात्री चौथ्याने सगळे एका फाइलीत चिकटवायचे. काम होते, मार्कही मिळतात, पण त्या चौघांनी एकही निर्णय एकत्र घेतलेला नसतो आणि प्रस्तावना लिहिणाऱ्याला आकडे काय सांगतात हे बहुधा व्हायवाच्या दिवशी कळते. ही श्रमविभागणी झाली. तिच्यात वाईट काही नाही. मात्र तिला सहकार्य म्हणू नये.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०१५ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांचे मिळून समस्या सोडवण्याचे कौशल्य ५२ देश-प्रदेशांत मोजले. भारत त्या फेरीत नव्हता. त्यासाठी केलेली मांडणी विद्यापीठाच्या पातळीवरही उपयोगी पडते. समस्या समजून घेणे, ती मांडणे, योजना आखून अमलात आणणे आणि आढावा घेणे या चार पायऱ्या एकीकडे, आणि सर्वांची समजूत एक आहे ना हे पाहणे, योग्य कृती करणे व गटाची घडी बसवणे या तीन गोष्टी दुसरीकडे, असा बारा घरांचा तक्ता त्यांनी केला. आपल्याकडच्या गटकार्यात या बारांपैकी ‘योजना आखून अमलात आणणे’ याच्या आसपासची दोनतीन घरे भरतात आणि बाकीची रिकामी राहतात. त्या चाचणीत मुलांचे जोडीदार संगणकाने चालवलेले होते, ही तिची मर्यादा लक्षात ठेवावी. खरा जोडीदार रुसतो, उशिरा येतो आणि कधी कधी फोनच उचलत नाही.

हे कौशल्य शिकवता येते, की तो स्वभावाचा भाग आहे?

स्वभावाचा वाटा असतोच, पण वाटतो तितका नाही. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते पाच जणांच्या गटांना निरनिराळी कामे दिली होती. गटाची एकूण कामगिरी त्यातील सर्वांत हुशार माणसाच्या बुद्ध्यंकावर फारशी अवलंबून नव्हती. बोलण्याची पाळी सर्वांना सारखी मिळते का आणि समोरच्याच्या मनातले ओळखता येते का, यांच्याशी तिचा संबंध जास्त होता. या निष्कर्षाच्या ताकदीवर पुढे वादही झाले, ते होऊ द्यावेत. शिक्षकाच्या कामाचे एवढेच की बोलण्याची पाळी वाटून देणे ही गोष्ट नियमाने करता येते आणि सरावाने अंगवळणी पडते. ‘टीमवर्कचे महत्त्व’ या विषयावर पाहुण्यांचे तासभर व्याख्यान ठेवून मात्र काहीही होत नाही, हे व्याख्यान ठेवणाऱ्यांनाही ठाऊक असते.

गटाला समस्या कशी द्यावी? प्रत्येक विषयात अशी समस्या मिळेल का?

सगळ्यात जास्त वेळ इथे खर्च करावा, कारण समस्या चुकीची निवडली तर पुढचे सगळे उपाय वाया जातात. जी समस्या एकटा हुशार विद्यार्थी रविवारच्या दुपारी बसून सोडवू शकतो, ती गटाला देण्यात अर्थ नाही. तो ती सोडवेलच आणि बाकीचे सही करतील. समस्येला एकच ठरीव उत्तर नसावे, लागणारी माहिती एका डोक्यात मावणारी नसावी, आणि कोणता तरी निर्णय घेतल्यावाचून सुटका नसावी.

बडोद्याला अशी समस्या शोधायला लांब जावे लागत नाही. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, आजव्याच्या तलावाचे जादा पाणी तिला येऊन मिळते आणि मग ती भर शहरातून वाहते. काळाघोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते; ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. याच नदीत मगरींची वस्ती आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगरीचे नाव आहे. आता पाच जणांच्या गटाला असे सांगावे: काळाघोड्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक किलोमीटर पात्र धरा, पुराची पातळी उतरवणारा एक उपाय सुचवा, आणि त्या उपायाने कोणाचे नुकसान होईल तेही लिहा.

प्रत्येकाला वेगळे पाकीट द्यावे. एकात पावसाचे व पातळीचे आकडे, दुसऱ्यात पात्राचे उभे-आडवे छेद, तिसऱ्यात मगरींविषयीची टिपणे, चौथ्यात काठावरच्या वस्त्यांची आणि दुकानांची माहिती, पाचव्यात खर्चाचे अंदाज. नियम एवढाच की पाकिटातला कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही; त्यातले काय ते तोंडाने सांगायचे. पहिल्या वीस मिनिटांत बहुतेक गट ‘गाळ काढा, काठ तासा, पात्र रुंद करा’ इथवर येतात आणि हे काम पावसाळ्यापूर्वी कोरड्या महिन्यांत उरकायचे असेही ठरवून टाकतात. तिसरे पाकीट ज्याच्याकडे आहे त्याच्या कागदावर लिहिलेले असते की मगर मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि तिचा हंगाम फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका यंत्रे उतरवण्याचा. तो हे बोलतो का? बोललाच तर कोणी ऐकते का? ऐकल्यावर गट योजना बदलतो, की ‘ते नंतर बघू’ म्हणून पुढे सरकतो? शिक्षकाने मागे उभे राहून टिपून ठेवायचे ते हेच.

इतर विषयांतही असे जमते. वाणिज्य शाखेला खंडेराव मार्केटमधल्या भाजी व्यापाऱ्यांचा रोजचा नाशवंत माल द्यावा, ललित कला शाखेला न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीचा नवा उपयोग, संख्याशास्त्राला शहर बससेवेचे वेळापत्रक. शुद्ध गणितात थोडे अवघड जाते. तिथे एकाच प्रमेयाच्या दोन अपुऱ्या सिद्धता देऊन त्यातली फट मिळून शोधायला लावावी.

गट किती जणांचा असावा आणि तो कोणी पाडावा?

चार किंवा पाच. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढण्याच्या प्रयोगांतून दाखवले होते की माणसे वाढतात तशी प्रत्येकाची ओढ कमी होते. त्याचा लेख १९१३ चा आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी असावी लागते. स्पर्धेसाठी सहा ठीक असतील, पण वर्गात सहावा माणूस हमखास मोकळा राहतो. गट शिक्षकाने पाडावेत. मुलांवर सोडले तर होस्टेलवाले एकीकडे, शहरातले दुसरीकडे आणि पादरा, डभोई, आणंदहून अप-डाऊन करणारे उरलेसुरले एकत्र, असे गट पडतात. या तिसऱ्या मंडळींना पाचच्या सुमाराची गाडी गाठायची असते, म्हणून संध्याकाळच्या बैठकीला ती नसतात आणि ‘आमच्यातले दोघे कधी येतच नाहीत’ अशी तक्रार होते. तेव्हा बैठकीचा वेळ वेळापत्रकातच असावा. एवढी एक गोष्ट केली तरी निम्म्या तक्रारी मिटतात, असे माझे मत आहे.

एकजण राबतो आणि बाकीचे नाव लावून घेतात. यावर उपाय काय?

ही तक्रार सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी आहे. मानसशास्त्रज्ञ लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून मोजले, तेव्हा गटात प्रत्येकाचा आवाज एकट्यापेक्षा कमी भरला. पुढच्या प्रयोगांत दिसले की आपला वाटा वेगळा ओळखला जाणार आहे, असे माणसाला कळले की ही ढिलाई बरीच कमी होते. सगळे उपाय यातूनच निघतात.

पहिला उपाय व्हायवाचा. गटातील कोणालाही, अहवालाच्या कोणत्याही भागावर प्रश्न विचारला जाईल आणि ज्याला विचारला त्याच्या उत्तराचे मार्क सर्वांना मिळतील, हे पहिल्याच दिवशी जाहीर करावे. मग ज्याने आकडे केले तो प्रस्तावनावाल्याला ते समजावून देतो, कारण त्यात त्याचाही स्वार्थ असतो.

दुसरा उपाय सहकाऱ्यांनी दिलेल्या गुणांचा. ‘प्रत्येकाला दहापैकी मार्क द्या’ असे सांगितले तर सगळे सगळ्यांना दहा देतात. मैत्री टिकवायची असते. त्याऐवजी पाच जणांच्या गटात प्रत्येकाने इतर चौघांत १०० गुण वाटावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे एक वाक्य लिहावे. बरोबरीचा वाटा २५ होतो. समजा गटाला ५० पैकी ४० मार्क मिळाले आणि एखाद्याला सहकाऱ्यांकडून सरासरी २० गुण आले, तर त्याचा गुणक ०.८ (२० भागिले २५) आणि मार्क ३२. दुसऱ्याला सरासरी ३० आले तर गुणक १.२ होईल, पण तो १.१ वर थांबवावा आणि ४४ द्यावेत. नाहीतर सगळे काम आपल्याकडे ओढून घेणाऱ्याला बक्षीस मिळते आणि तो स्वभावही गटाला तितकाच घातक असतो. वाक्याशिवाय दिलेला आकडा ग्राह्य धरू नये. ‘चांगले काम केले’ हे वाक्य नव्हे. ‘दोन आठवडे आला नाही, पण छेदांचे गणित त्यानेच तपासले आणि चूक पकडली’ हे वाक्य आहे.

माझा मुलगा अभ्यासात पुढे आहे. गटामुळे त्याचे नुकसान होत नाही का?

गुण केवळ गटाचे असतील तर होते, आणि पालकांची काळजी रास्त आहे. म्हणून विषयाच्या एकूण मार्कांत वैयक्तिक परीक्षेचा वाटा मोठाच असावा. मात्र दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःच्या समजुतीतली भोके दिसतात आणि ती बुजवावी लागतात, हा लाभ हुशार मुलालाच अधिक होतो. त्याला अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी: आपले उत्तर बरोबर असूनही गटाला ते पटत नाही, हा अनुभव त्याला नवा असतो. पटवून देणे हेही त्याने शिकायचेच आहे.

आमच्या गटात वाद होतच नाहीत. हे चांगलेच ना?

बहुधा नाही. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये चौघांच्या गटांना उमेदवार निवडायला दिला होता. काही माहिती सर्वांकडे होती आणि काही एकेकाकडेच. सगळी एकत्र केली असती तर योग्य उमेदवार दिसला असता, पण गट बोलत राहिले ते सर्वांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर. आपल्याकडे यात आणखी भर पडते, ती सिनियरच्या, टॉपरच्या किंवा ‘सरांना हेच आवडेल’ या भिडेची.

साधी पद्धत अशी: विषय निघाल्यावर पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहायचे, आणि मग सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात करून पाळीने वाचून दाखवायचे. सगळ्यांनी एकदम कल्पना ओरडायच्या ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत लोकप्रिय असली तरी डील आणि स्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवले की वेगवेगळी बसलेली तेवढीच माणसे एकूण जितक्या कल्पना देतात, तितक्या गट देत नाही. दुसऱ्याचे बोलणे संपायची वाट पाहता पाहता स्वतःचे सुचलेले निसटते. शिवाय प्रत्येक बैठकीत एकाने आळीपाळीने विरोधकाची भूमिका घ्यावी. भूमिका ठरलेली असल्यामुळे त्याच्या बोलण्याचा कोणाला राग येत नाही.

गटात गुजराती, मराठी, हिंदी बोलणारे सगळेच असतात आणि अहवाल इंग्रजीत लागतो. भाषेचे काय करावे?

बडोद्यात हा प्रश्न बाजूचा नाही, मुख्यच आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षण इंग्रजीतून होते, पण गुजराती माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत विचार मांडताना अर्धे गिळतो. चर्चा ज्या भाषेत सगळ्यांना मोकळेपणाने बोलता येईल तिच्यात व्हावी. ती बहुतेकदा गुजराती-हिंदीची सरमिसळ असते, आणि असू द्यावी. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात, जिथे आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे, तिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा भर देशी भाषेतून तांत्रिक शिक्षण देण्यावर होता, हे या शहराने विसरायला नको.

एक धोका मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चर्चा हिंदीत होते, नोंद इंग्रजीत होते, आणि नोंद ठेवतो तो नेहमीचाच इंग्रजी चांगले असलेला एकजण. हळूहळू त्याने जे लिहिले तेच गटाने ठरवले असे होऊन बसते. त्याला जे पटले नाही किंवा इंग्रजीत सांगता आले नाही ते कागदावर येतच नाही. म्हणून नोंद ठेवणारा दर बैठकीला बदलावा आणि बैठक संपताना ती नोंद चर्चेच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावी. आणि आपल्या मुलांना एक सूचना: गटात दोघे मराठी असतील तर मध्येच आपसात मराठीत कुजबुजू नये. उरलेल्या तिघांना आपल्याविषयीच बोलणे चालले आहे असे वाटते, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

भांडण झाले तर शिक्षकाने मध्ये पडावे का?

लगेच नाही. सुरुवातीलाच प्रत्येक गटाकडून एक पानाचा करार लिहून घ्यावा: निरोप किती वेळात द्यायचा, उशीर झाला तर काय, मत न पटल्यास निर्णय कसा होणार. भांडण झाले की आधी ते पान काढून वाचायला सांगावे. जात, धर्म किंवा मुलगी असण्यावरून कोणाला बोलले गेले असेल तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी लक्ष घालावे.

वर्गात ऐंशी मुले आहेत आणि बाके जमिनीत ठोकलेली आहेत. हे कसे जमणार?

पूर्ण समस्या जमणार नाही, पण सराव जमेल. हार्वर्डमधील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलेली पद्धत मोठ्या वर्गांसाठीच आहे. संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे, आणि साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर शेजाऱ्याला दोनतीन मिनिटांत पटवून द्यायला सांगायचे, मग पुन्हा उत्तर घ्यायचे. ३० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर विषयच परत शिकवावा लागतो, ७० च्या वर असतील तर चर्चेत वेळ घालवू नये. क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर नोंदवण्याचे यंत्र, नसले तरी चालते. वहीच्या मागच्या पानावर ठळक अक्षरात क, ख, ग, घ लिहून पान छातीशी धरले की शिक्षकाला मागच्या बाकापर्यंतचे दिसते. हात वर करायला लावू नये, कारण मग पुढच्या बाकावरचे पाहून मागचे हात वर होतात.

चॅटजीपीटीसारखी साधने आल्यावर गटाची गरज उरली का?

अहवाल लिहून देण्यापुरती उरली नाही. म्हणूनच अहवालाचे मार्क कमी करावेत आणि निर्णयांच्या नोंदवहीचे वाढवावेत: कोणता पर्याय सोडला, का सोडला, कोणाचा विरोध होता. साधनाकडून आलेले उत्तर गटातील सहावा सदस्य काय म्हणतो म्हणून घ्यावे आणि त्यालाही तितक्याच उलट्या प्रश्नांनी तपासावे.

हे सगळे अभ्यासक्रमात बसते का?

बसते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहकार्य आणि समस्या सोडवणे या दोन्ही क्षमतांचा उल्लेख आहे. अभियांत्रिकीत तर राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ पदवीधराला संघात काम करता येते का याचा पुरावा मागते. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देणाऱ्या देशांच्या कराराचा, कायम सदस्य झाल्यापासून या पुराव्याला वजन आले आहे. अडचण अशी की हा पुरावा बहुतेक ठिकाणी फायनल इयरच्या प्रोजेक्टमधून एकदमच गोळा केला जातो. पहिल्या वर्षी पाकिटांसारखा तासाभराचा सराव, दुसऱ्या वर्षी महिन्याची समस्या, आणि मग मोठा प्रोजेक्ट, असा क्रम ठेवला तर शेवटच्या वर्षी मुले बैठक कशी घ्यायची इथून सुरुवात करत नाहीत.

मकरपुऱ्यातील कारखान्यांतून बाहेरचे परीक्षक बोलवावेत का?

बोलवावेत, पण त्यांना गटाची नोंदवही आठवडाभर आधी पाठवावी. ऐनवेळी आलेला पाहुणा स्लाइड पाहतो, सगळ्यांत बरे बोलणाऱ्याला तीन प्रश्न विचारतो, चहा घेतो आणि सर्वांना चांगले मार्क देऊन जातो. नोंदवही वाचून आलेला माणूस विचारतो, ‘तिसऱ्या बैठकीत तुम्ही हा पर्याय नाकारला होता, पाचव्या बैठकीत तो परत कसा आला?’ आणि उत्तर कोणी द्यायचे तेही तोच ठरवतो.